फळ्यावरची मुलगी

रोज आठ वाजता सान्वी दार आपटते आणि आमच्या गावातली निम्मी घरं दचकतात.

सान्वी ही आठच्या मालिकेतली मुलगी. वय सोळा, खोलीच्या भिंती जांभळ्या, हातात मोबाईल आणि डोळ्यांत पाणी. आईनं जेवायला हाक मारली की ती म्हणते, "मला कुणी समजून घेत नाही," आणि धाडकन दार लावते. मग जाहिराती लागतात. त्यांतही दुसऱ्या नावाची सान्वीच असते, कधी साबणासाठी रुसलेली, कधी बापाला विमा काढायला लावणारी. सिनेमाला गेलं तरी पडद्यावर तीच भेटते. मुलगा असेल तर त्याला मिसरूड फुटलेलं असतं, एवढाच फरक.

माझी मुलगी ओवी जेवता जेवता हे बघायची आणि घास गिळून विचारायची, "आई, हिला एक पण मैत्रीण कशी नाही गं? आणि ही हसत का नाही? माणूस दिवसातनं एकदा तरी हसतंय की." मी तिला गप्प करायचे. मी शर्मिला बाबर. विट्याजवळच्या एका हायस्कुलात अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवते आणि अख्खा गाव मला बाबरबाई म्हणतो. मध्येच कुणी बोललेलं मला वर्गात चालत नाही, तसं घरातही चालत नाही. शिवाय मला वाटायचं, पोरगी चेष्टा करतेय ती आतलं काहीतरी लपवायला. असं वाटून घ्यायला मला प्रतिछायेनं शिकवलं होतं.

प्रतिछाया काय आहे ते सांगते. नऊ वर्षांपूर्वी मालिकावाल्यांची एक अडचण होती. लिहिणारे सगळे पन्नाशीचे, आणि त्यांनी लिहिलेली पोरंही पन्नाशीचीच वाटायची. तेव्हा एका प्रकल्पानं सगळ्या जिल्ह्यांतल्या सहा लाख शाळकरी मुलांकडून साठ प्रश्नांची उत्तरं लिहून घेतली आणि ती एका यंत्राला वाचायला दिली. यंत्रानं त्यांतून एक सरासरी मूल तयार केलं. ते कशाला घाबरतं, कधी खोटं बोलतं, रागावलं की काय करतं, सगळं त्यात आलं. त्या मुलाला कुठल्याही प्रसंगात उभं करा, ते कसं वागेल हे यंत्र सांगणार. मालिकावाल्यांनी लेखकांना घरी बसवलं आणि पोरांची सगळी कामं प्रतिछायेकडून लिहून घ्यायला सुरुवात केली. शेवटी पाटी यायची: सहा लाख मुलांच्या मनांवर आधारित. एवढं वाचल्यावर कोण शंका घेणार?

मग तेच यंत्र 'पालकसोबती' नावानं फोनमध्ये आलं. मूल कुठं जातं, किती वेळ थांबतं, कुणाशी बोलतं हे ते मुलाच्या फोनवरून बघायचं, प्रतिछायेशी ताडायचं आणि आईबापांना सल्ला द्यायचं. या वयाला स्वतंत्र खोली लागते असं त्यानं सांगितलं, म्हणून लोकांनी पडव्या अडवून पोरांसाठी खोल्या बांधल्या आणि मग दाराला कान लावून बसले. आम्हीही बांधली, तीही जांभळ्या रंगाची. पुढं निवासी शाळा आणि वसतिगृहंसुद्धा प्रवेश देण्याआधी प्रतिछायेचा अहवाल मागू लागली.

ओवीला वेड विहिरींचं. आठवीत असल्यापासून ती आणि तिच्या दोन मैत्रिणी दर रविवारी सायकलवरून शिवारातल्या चौदा विहिरी फिरायच्या. दोरीला वजन बांधून आत सोडायचं, पाणी किती खोल गेलंय ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या भागात पाणी कुठं मुरतं आणि कुठं पळतं हे तिला शोधायचं होतं. दहावीनंतर नाशिकजवळच्या भूजल प्रबोधिनीत दोन वर्षं राहून शिकायचं, एवढं एकच तिनं ठरवलं होतं. तिथल्या प्रवेश परीक्षेत ती अकरावी आली. जागा चाळीस होत्या.

परीक्षेच्या थोडं आधी, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, मी अंगणात पापड वाळत घालत असताना माझा फोन थरथरला. "आपली पाल्य निर्जन विहिरींच्या काठी वारंवार व दीर्घकाळ थांबते. जोखीम तीव्र." मी तशीच धावत सुटले. कांबळ्यांच्या मळ्यातल्या विहिरीपाशी तिघी पालथ्या पडून दोरी खाली सोडत होत्या आणि कशावरून तरी खिदळत होत्या. ओवीनं मला वही दाखवली. तारीख, विहिरीचं नाव, पाण्याची खोली, दोन वर्षांच्या नोंदी होत्या. मी वही पाहिली आणि अ‍ॅपवर विश्वास ठेवला. सायकलीला कुलूप घातलं, किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली, दोन्ही मैत्रिणींच्या आयांना फोन केले.

त्या संध्याकाळी ओवीनं जन्मात पहिल्यांदा दार आपटलं. अ‍ॅपनं लगेच कळवलं की लक्षणं जुळत आहेत.

जूनमध्ये प्रबोधिनीचं पत्र आलं. प्रवेश नाकारला होता. प्रतिछायेच्या अहवालानुसार अभ्यासक्रम अर्धवट सोडण्याची आणि स्वतःला इजा करून घेण्याची शक्यता शंभरात अठ्ठ्याऐंशी, असं कारण दिलं होतं. हरकत असल्यास पंधरा दिवसांत प्रतिछायेच्या सांगलीच्या विभागीय कार्यालयात यावं. ओवी पत्र माझ्या हातात देऊन निघून गेली. मी शेवटपर्यंत वाचायचं म्हणून वाचत राहिले, आणि खाली 'आधार' या शब्दाखाली हे छापलेलं सापडलं:

"संदर्भगटातील शहाण्णव टक्के मुलांनी पुढील विधान शब्दशः केले आहे. वाईट मित्रांच्या नादाने माझे पाऊल घसरते, आणि मागाहून पश्चात्तापाच्या खाईत पडण्यावाचून गत्यंतर राहत नाही."

चौदा वर्षांचं कुठलं पोर 'गत्यंतर' म्हणतं? हे वाक्य माझं आहे. 'मोबाईल : शाप की वरदान' या निबंधाच्या तिसऱ्या परिच्छेदात मी ते वर्षानुवर्षं घालत आले आहे, आणि पेपर तपासताना ते दिसलं की अर्धा गुण जास्त देत आले आहे.

मला तो शुक्रवार आठवला. साठ प्रश्नांचे गठ्ठे सकाळी आले होते आणि सोमवारी तालुक्याला पोचवायचे होते. सहामाहीचे पेपर तपासायचे पडले होते. मुलं कागद वाचून चुळबुळत होती. तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, यात काय लिहायचं, असं एकानं विचारलं. आमच्या मुलांना पक्कं ठाऊक असतं की शाळेत कागद आला की त्याचं एक बरोबर उत्तर असतं आणि ते बाईंकडे असतं. तपासणी असो, कुठला अर्ज असो, स्पर्धेचा निबंध असो, आम्ही फळ्यावर लिहितो आणि मुलं उतरवून घेतात. मीही लहानपणी असंच उतरवून घेतलं होतं. मी खडू उचलला आणि साठच्या साठ उत्तरं लिहून काढली. जरा दुःखी लिहिली, कारण मुलं अडचणीत दिसली तर शाळेला एखादा समुपदेशक मिळेल असं मला वाटलं. आवडत्या रंगापाशी मी अडले. पहिल्या बाकावरच्या पोरीनं माझ्या साडीकडं बघून जांभळा सुचवला, तोच लिहिला.

एवढ्यावर थांबले असते तर आमचे बेचाळीस कागद सहा लाखांत बुडून गेले असते. पण मी फळ्याचा फोटो काढून तालुक्याच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "नमुना उत्तरे, सर्वांच्या सोयीसाठी." केंद्रप्रमुखांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि फोटो पुढं पाठवला. शनिवारी सकाळी तो चार जिल्ह्यांतल्या फळ्यांवर उतरला.

आता यंत्राची गंमत बघा. मुलं खोटं लिहितील हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी एक चाळणी लावली होती. एकच गोष्ट सातव्या आणि एकेचाळिसाव्या प्रश्नात वेगवेगळ्या शब्दांत विचारायची. दोन्ही उत्तरं जुळली तर मूल खरं बोलतंय, नाही जुळली तर कागद बाजूला. चाळणी मोठ्यांसाठी ठीक होती. पण चौदाव्या वर्षी सातवा प्रश्न मधल्या सुट्टीच्या आधी येतो आणि एकेचाळिसावा नंतर, आणि मधल्या सुट्टीत जिवलग मैत्रिणीशी भांडण झालेलं असतं. ज्यांनी मनापासून लिहिलं त्यांचीच उत्तरं एकमेकांना छेद देत होती. साडेचार लाख कागद 'अविश्वसनीय' म्हणून बाजूला पडले. जे उरले त्यांत सगळ्यात जास्त जुळत होते ते फळ्यावरून उतरवलेले. त्या वर्षी सर्वांत प्रामाणिक प्रतिसादाबद्दल आमच्या शाळेचा सत्कार झाला आणि मला आदर्श शिक्षिकेचं मानपत्र मिळालं. चाळणीचे हे आकडे सत्कारात वाटलेल्या पुस्तिकेतच छापले होते.

मी दोन दिवस कुणाला काही बोलले नाही. निवृत्तीला चार वर्षं राहिलेली, मानपत्र बैठकीत टांगलेलं, गावात मान. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. कुणी नुसतं "बाई" म्हणून हाक मारली तरी मला वाटायचं, कळलं याला. आणि गप्प राहिले असते तर खरंच कुणाला कधी कळलं नसतं. पण त्या खोलीत माझी पोर बसली होती, आणि तिला आत मीच ढकललं होतं.

तिसऱ्या दिवशी जाऊन तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. नंतर म्हणाली, "म्हणजे रोज आठ वाजता टीव्हीवर तूच रडतीयस होय?"

मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं. ती मात्र हसली नाही.

"मी तुला वही दाखवली होती, आई. तू माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस. तू तुझ्याच अक्षरावर विश्वास ठेवलास."

मी शरमेनं अर्धी झाले. तिनं माझी समजूत काढली नाही, आणि ते बरोबरच होतं. तिनं हात पुढं करून सायकलीची किल्ली मागितली. ती दिली तेव्हा दारातून जाता जाता तिनं विचारलं, सांगलीला कधी जायचं.

विभागीय कार्यालयात कुलथे नावाचे अधिकारी होते. वय चाळिशीचं, बोलणं अदबीचं. त्यांनी आम्हाला चहा मागवला. मी माझं सगळं सांगितलं, निबंधाची जुनी वही दाखवली, ग्रुपवरचा नऊ वर्षांपूर्वीचा फोटो दाखवला. फळ्यावरचं माझं वळणदार अक्षर त्यांनी दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता हे हादरून खुर्चीतून उठतील. ते उठले नाहीत.

ते म्हणाले, "बाई, समजा हे खरं धरलं. तरी आता काय फरक पडतो? गेल्या पाच वर्षांत प्रतिछायेनं सांगितलेलं शंभरात ऐंशी वेळा खरं ठरलंय. सुरुवात कशीही झाली असू दे, आजची मुलं तशीच वागतात."

मी भाषेची बाई, आकड्यांपुढं मी नेहमीच गप्प होते. ओवी खुर्चीत पुढं सरकली.

"साहेब, आमच्या घरात मला खोलीच नव्हती. मी बैठकीत आजीच्या जुन्या पलंगावर झोपायचे, मस्त झोपायचे. तुमच्या अ‍ॅपनं सांगितलं म्हणून यांनी खोली बांधली, तिला दार बसवलं. मग तुमच्याच अ‍ॅपनं सांगितलं म्हणून माझी सायकल काढून घेतली, मैत्रिणी तोडल्या. मग मी ते दार आपटलं. आणि तुम्ही तिकडं लिहून घेतलं की बघा, आपटलं. यात तुम्ही ओळखलंत काय? तुम्ही करवून घेतलंत."

कुलथेसाहेबांच्या टेबलावर एका मुलाचा फोटो होता, असेल तेरा-चौदा वर्षांचा. मागची भिंत जांभळी होती. साहेबांची नजर तिकडं गेली की नाही ते मला सांगता येणार नाही, पण त्यांचा आवाज खाली आला. ते म्हणाले की ओवीच्या अहवालावर त्यांना विशेष शेरा मारता येईल. आज पाचच्या आत मारला तर प्रबोधिनीतली तिची जागा पक्की. माझा कबुलीजबाब मात्र मी नोंदवू नये, फोटो कुणाला दाखवू नये, गोष्ट या खोलीतच राहावी. माझीही अब्रू राहील, मुलीचंही भलं होईल.

खरं सांगते, मला मोह झाला. चांगलाच झाला. पोरीचं स्वप्न समोर ताटात वाढून ठेवलं होतं, वर माझं मानपत्रही भिंतीवरून उतरणार नव्हतं. "चालेल" हा शब्द माझ्या जिभेवर आलेला होता. अठ्ठावीस वर्षं मी मुलांच्या वतीनं उत्तरं देत आले, तेवढ्या सवयीनं मी तेही देऊन टाकलं असतं.

पण मी थांबले आणि ओवीकडं वळले. "तू सांग. तुला काय करायचंय?"

ती काय म्हणेल याचा मला खरोखर अंदाज नव्हता. असं उत्तर ठाऊक नसताना मुलांपुढं बसण्याची मला सवय नाही.

"मला जायचंय," ओवी म्हणाली. "लई जायचंय. पण माझ्या वर्गातल्या सव्वीस जणांचे अहवाल असेच आलेत. सगळ्यांचे सारखेच. त्यांच्यावर कोण शेरा मारणार?" मग ती साहेबांकडं वळली. "ते साडेचार लाख कागद अजून आहेत न्हवं? ज्यांनी खरं लिहिलं त्यांना तुम्ही खोटं ठरवलंत. आधी ते काढून वाचा. तोवर मला सूट नको. आईचं म्हणणं नोंदवून घ्या, आणि माझंपण."

साहेबांनी तिला पुन्हा एकदा समजावलं. तुझं वर्ष जाईल, म्हणाले. ती म्हणाली, "जाऊ दे." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आईनं आता तरी शहाणपणा दाखवावा अशी त्यांची अपेक्षा दिसली. मी म्हटलं, नोंदवून घ्या.

पुढचं थोडक्यात सांगते. जागा गेली. बाराव्या नंबरापासून सगळे एकेक पायरी वर सरकले. माझी चौकशी लागली, मानपत्र मी स्वतःच उतरवून पोस्टानं परत पाठवलं. फोटो मी सगळ्या वर्तमानपत्रांना दिला, आणि ज्या ग्रुपवर नऊ वर्षांपूर्वी टाकला होता त्याच ग्रुपवर पुन्हा टाकला. या वेळी केंद्रप्रमुखांनी हात जोडले नाहीत. पण आठवड्याभरात तीनशे शिक्षकांनी मान्य केलं की हो, आम्हीही फळ्यावर हेच लिहिलं होतं. तालुक्यातल्या पोरांनी आपापले अहवाल मागवून शाळेच्या भिंतीला ओळीनं चिकटवले. एकशे चाळीस पोरं आणि एकच मजकूर. आईबाप येऊन ती भिंत वाचायचे आणि मुकाट्यानं घरी जायचे. ऑक्टोबरात बाजूला पडलेले कागद उघडायचा हुकूम निघाला. पहिल्या गठ्ठ्यातल्या एका मुलानं सातव्या प्रश्नाला लिहिलं होतं की मला एस.टी.चा कंडक्टर व्हायचंय, आणि एकेचाळिसाव्याला, की मला बस लागते. मी मराठीची बाई आहे, पण इतकं खरं वाक्य मी कुठल्या निबंधात वाचलं नव्हतं.

सान्वी अजून आठ वाजता दार आपटते. आता आमच्या गावात लोक हसतात.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. कुलथेसाहेबांनी दोन छापील कागद आमच्यापुढं सरकवले, एक माझ्या कबुलीसाठी, एक ओवीच्या म्हणण्यासाठी. मी माझा लिहून संपवला, सही केली. मग हाताच्या सवयीनं दुसराही पुढं ओढला आणि वर तिचं नाव घालून लिहायला लागले, "मी खाली सही करणारी." ओवीनं माझ्या हातातून पेन काढून घेतलं. रागानं नाही, पण घट्ट धरून घेतलं.

"माझं मी लिहिते," ती म्हणाली, आणि कागद तिनं उलटा करून कोऱ्या बाजूनं घेतला.

ती खूप वेळ लिहीत होती. मध्ये तिनं दोन ओळी खोडल्या, एकदा स्वतःशीच हसली, मग आणखी एक कागद मागून घेतला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. साहेबांनी तिचे दोन्ही कागद वाचले, पुन्हा पहिल्यापासून वाचले आणि शिक्का मारला. तिनं काय लिहिलं ते मला आजही ठाऊक नाही. तिला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल.